ऑर्लीन्सची कुमारी संत जोन : प्रत्यक्षांतील आणि पडद्यावरील

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें अशी चालकमंडळाची इच्छा होती, आणि तें कोणाचें असावें हें ठरविण्याचें काम त्यांनीं आमच्यावर सोंपविलें. आम्हीं संत जोन हिची निवड केली. आमच्या पॅरिशमधील बंधुभगिनींपैकीं फार थोड्यांनीं तिचें चरित्र पुस्तकांत वाचलें असेल. परंतु तिच्यावरील एखादा तरी चित्रपट पाहिलेले लोक पुष्कळ आहेत. पूर्वीं संतांच्या कथा घरांत आजीच्या तोंडून आणि देवळांत प्रवचनांतून कानीं पडत. आतां त्या पडद्यावरून डोळ्यांपुढें येतात, आणि डोळ्यांनीं पाहिलेलें तें खरें, अशी आपली समजूत असते.

परमपूज्य पोप पायस अकरावे यांनीं २९ जून १९३६ रोजीं चित्रपटांविषयीं एक परिपत्रक प्रसिद्ध केलें. लोकांच्या मनावर, त्यांतही कोंवळ्या मनावर, पडद्याचा ठसा किती खोल उमटतो हें त्यांनीं त्यांत स्पष्ट केलें आहे. त्या वेळीं मुख्य चिंता होती ती अनीतीच्या दृश्यांची. ती योग्यच होती. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, पडद्यावर पाप कसें दिसतें याइतकीच पडद्यावर धर्म कसा दिसतो याचीही चौकशी व्हावयास हवी. मागें आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका मुलीनें जोनचा चित्रपट पाहून आम्हांस विचारलें होतें कीं, ख्रिस्तसभेनेंच जिला जाळलें तिलाच ख्रिस्तसभेनें संत कसें केलें? प्रश्न मुलीचा असला तरी पोरकट नाहीं. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं. त्यासाठीं सबंध चरित्रच सांगावें लागतें.

जोनचा जन्म सुमारें १४१२ सालीं फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, म्यूज नदीच्या कांठीं, डोंरेमी नांवाच्या खेड्यांत झाला. तिच्या भाषेंत तिचें नांव झान. बाप झाक दार्क हा गांवांत मान असलेला शेतकरी होता, आई इझाबेल. आईनें तिला प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगीकार हीं तीन पाठ करून घेतलीं, आणि सूत कांतणें व शिवणें शिकविलें. याखेरीज तिचें शिक्षण झालें नाहीं. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. पुढें कांहीं पत्रांवर स्वतःचें नांव काढण्याइतकी अक्षरओळख तिला झाली, एवढेंच. देवळाची घंटा वाजविण्यास गुरव विसरला तर ती त्याला रागें भरे, आणि वेळेवर वाजविलीस तर कांहीं भेट देईन म्हणून लालूच दाखवी. हें त्या गुरवानेंच पुढें म्हातारपणीं शपथेवर सांगितलें आहे. ती फार देवभोळी आहे म्हणून बरोबरीच्या मुली तिची थट्टा करीत. असें हें आपल्या कोणत्याही पॅरिशमध्यें शोभलें असतें असें बालपण.

देशाची स्थिति मात्र वाईट होती. १४२० च्या तहानें फ्रान्सचें राज्य इंग्लंडच्या राजघराण्याकडे जावयाचें ठरलें होतें. फ्रान्सच्या राजाचा मुलगा चार्ल्स हा राज्याभिषेकावांचून दक्षिणेकडे दिवस कंठीत होता. बर्गंडीचा सरदार इंग्रजांना मिळालेला होता, आणि सीमेवरील खेडीं लुटालुटीच्या धाकांत जगत होतीं.

येथेंच पहिली गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९९९ सालीं ल्यूक बेसों या फ्रेंच दिग्दर्शकानें जोनवर मोठ्या खर्चाचा चित्रपट काढला. त्यांत इंग्रज शिपाई तिच्या बहिणीची तिच्या डोळ्यांदेखत अत्यंत क्रूरपणें हत्या करितात, आणि पुढील सारें चरित्र त्या आघातांतून उगवतें असें दाखविलें आहे. जोनला कॅथरीन नांवाची बहीण होती आणि ती अकालीं वारली हें खरें. परंतु ही हत्या कोणत्याही कागदांत नाहीं. ती कथाकाराच्या डोक्यांतून आली आहे. ती कां आणावी लागली? कारण देव एखाद्या मुलीला हांक मारतो हें आजच्या कथाकारास पटत नाहीं. सूडाची भावना मात्र त्यास चटकन् समजते. एका ठिकाणीं हांक काढून घेतली आणि तेथें जखम ठेविली, कीं चित्रपट सोपा होतो. संत मात्र नाहींशी होते.

प्रत्यक्षांत घडलें तें जोननेंच न्यायाधीशांपुढें सांगितलें आहे. ती सुमारें तेरा वर्षांची असतां उन्हाळ्यांत एके दिवशीं मध्यान्हीं बापाच्या बागेंत तिला प्रथम वाणी ऐकूं आली, आणि तिला भय वाटलें. पुढें संत मिखाएल, संत कॅथरीन आणि संत मार्गारेट यांचीं दर्शनें तिला होऊं लागलीं. पहिला उपदेश युद्धाचा नव्हता. चांगली वाग आणि देवळांत जात जा, इतकाच होता. त्याच वेळीं तिनें कौमार्याचें व्रत घेतलें. पुढें एका तरुणानें विवाहाचें वचन मोडल्याचा दावा तिच्यावर तूल येथील धर्मन्यायालयांत लावला. ती स्वतः तेथें गेली, आपण कोणास वचन दिलें नव्हतें असें तिनें शपथेवर सांगितलें, आणि तो दावा ती जिंकली. हा प्रसंग आम्हांस मोठा गोड वाटतो. सिसिल द मिल या प्रसिद्ध अमेरिकन दिग्दर्शकानें मात्र १९१६ सालच्या आपल्या मूकपटांत तिला एका इंग्रज शिपायावर प्रेम करावयास लाविलें! प्रेक्षकांना प्रेमकथा हवी असते, हें त्याचें कारण. नवरा नको म्हणून कोर्टाची पायरी चढलेल्या मुलीच्या गळ्यांत पडद्यानें नायक बांधला.

सोळा-सतरा वर्षांची असतां ती व्होकुलर येथील किल्लेदार रोबेर द बोद्रिकूर याजकडे गेली. त्यानें तिला प्रथम हांकून लाविलें. ती पुन्हां गेली. अखेर १४२९ च्या फेब्रुवारींत थोडे सोबती बरोबर घेऊन, पुरुषी वेष करून, ती शत्रूच्या मुलुखांतून घोड्यावर बसून निघाली आणि मार्चच्या आरंभीं शिनों येथें राजपुत्रास भेटली. तो दरबारांत लोकांमध्यें मिसळून उभा असतांही तिनें त्याला ओळखलें, हा प्रसंग प्रत्येक चित्रपटकर्त्यास आवडतो, कारण तो दिसावयास सुंदर आहे.

त्यानंतर जें झालें तें दिसावयास सुंदर नाहीं, म्हणून तें बहुधा पडद्यावर येत नाहीं, किंवा आलें तर पळभर येऊन जातें. चार्ल्सनें तिला प्वातिए येथें धर्मपंडितांच्या हवालीं केलें. सुमारें तीन आठवडे ईश्वरविद्येंत मुरलेल्या धर्मगुरूंनीं तिला प्रश्न विचारले, तिच्या वागणुकीची चौकशी केली, आणि अखेर असा निर्णय दिला कीं तिच्यांत कांहीं वाईट आढळत नाहीं. नम्रता, भक्ति, साधेपणा आणि सचोटी हींच आढळतात. सबब राजपुत्रानें तिचें साह्य घ्यावें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें. ख्रिस्तसभेच्या पंडितांनीं जोनची परीक्षा प्रथम रुआं येथें घेतली नाहीं, प्वातिए येथें घेतली. आणि त्या परीक्षेंत ती निर्दोष ठरली. ज्या कथेंतून प्वातिए गाळलें जातें, त्या कथेंत धर्मगुरु पहिल्यांदा दिसतात ते जाळावयासच आलेले दिसतात.

पुढील पराक्रम सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. ऑर्लीन्स शहरास इंग्रजांचा वेढा १४२८ च्या ऑक्टोबरपासून पडला होता. जोन २९ एप्रिल १४२९ रोजीं शहरांत शिरली. ७ मे रोजीं मुख्य बुरुजावरील हल्ल्यांत तिला बाण लागला, तरी ती पुन्हां निशाण घेऊन उभी राहिली. ८ मे रोजीं इंग्रज वेढा उठवून गेले. जूनमध्यें पाते येथें मोठा जय मिळाला, आणि १७ जुलै रोजीं रँस येथील कॅथेड्रलमध्यें चार्ल्सला राज्याभिषेक झाला. तलवारी, घोडे, तटाला लावलेल्या शिड्या यांनीं पडदा भरून जातो. परंतु आपल्या छावणींतून वाईट चालीच्या स्त्रियांना तिनें घालवून दिलें, शिपायांना पापकबुली करण्यास लाविलें, आणि मरणाच्या दारीं पडलेल्या एका इंग्रज कैद्याचें डोकें मांडीवर घेऊन त्याची पापकबुली होईपर्यंत ती थांबली, हेंही तिच्या बरोबरच्या लोकांनींच सांगितलें आहे. तिनें स्वतः कोणास ठार मारलें नाहीं. निशाण तिला तलवारीहून फार अधिक आवडे.

अभिषेकानंतर राजाचा उत्साह मावळला. पॅरिसवरील हल्ला फसला. २३ मे १४३० रोजीं कोंपिएन्य येथें बर्गंडीच्या शिपायांनीं तिला पकडलें. जिच्यामुळें मुकुट मिळाला तिच्यासाठीं चार्ल्सनें त्या वेळीं कांहीं विशेष केल्याचें दिसत नाहीं. दहा हजार लिव्र मोजून इंग्रजांनीं तिला विकत घेतलें, आणि वर्षाच्या अखेरीस ती रुआं येथील किल्ल्यांत बेड्यांत पडली.

आतां आम्ही त्या मुलीच्या प्रश्नापाशीं येतों, आणि येथें आम्हांस कांहीं झांकावयाचें नाहीं. जोनचा न्याय करणारे सर्व धर्माधिकारी होते. मुख्य न्यायाधीश बोव्हेचा बिशप पिएर कोशों; त्याच्या जोडीस इन्क्विझिशनचा प्रतिनिधि; भोंवतीं शंभरांहून अधिक धर्मगुरु, मठवासी आणि पंडित; पाठीशीं पॅरिसचें विद्यापीठ, म्हणजे त्या काळचें ख्रिस्ती विद्येचें माहेरघर. कोणी आम्हांस म्हणेल कीं चित्रपटांत धर्मगुरूंचे चेहरे इतके कठोर कां? त्यास आम्ही विचारूं कीं ते तसे नव्हते कां?

परंतु त्या न्यायाचें स्वरूप काय होतें तेंही पाहिलें पाहिजे. कोशों हा इंग्रजांच्या पक्षाचा. फ्रेंचांनीं १४२९ सालीं त्याचें बोव्हे शहर घेतल्यामुळें तो तेथून परागंदा झालेला होता. खटल्याचा खर्च इंग्रज सरकार देत होतें. धर्मन्यायालयाच्या कैद्यास ख्रिस्तसभेच्या तुरुंगांत ठेवावें, आणि स्त्री असल्यास स्त्रियांच्या देखरेखीखालीं ठेवावें, असा नियम असतां जोनला इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यांत ठेविलें होतें. तिला वकील दिला नव्हता. नॉर्मंडीचा कायदेपंडित झां लोहिए यानें हा खटला बेकायदा आहे असें सांगितलें आणि तो शहर सोडून गेला. निकोला द उपव्हील या धर्मगुरूनें हरकत घेतली, त्यास तुरुंगांत टाकलें. म्हणजे ख्रिस्तसभेचा आवाज त्या खोलींतही उठला होता. पण बळ दुसऱ्या बाजूस होतें.

उघड्या बैठकी २१ फेब्रुवारी १४३१ पासून सुरू झाल्या; मार्चमध्यें प्रश्न विचारणारे तुरुंगांतच जाऊं लागले. निरक्षर मुलीनें पंडितांना जीं उत्तरें दिलीं, त्यांवरून आजही आश्चर्य वाटतें. तूं देवाच्या कृपेंत आहेस काय, असा एक प्रश्न होता. हो म्हटलें तर गर्व, नाहीं म्हटलें तर पापाची कबुली. तिनें दोन्ही बाजू देवाच्या हातीं दिल्या; नसेन तर त्यानें मला कृपेंत आणावें, असेन तर राखावें, अशा आशयाचें उत्तर देऊन ती मोकळी झाली. तिला मिस्सा ऐकण्याची फार ओढ होती. पुरुषी वेष टाकशील तर विचार करूं, असें सांगून ती नाकारण्यांत आली. त्या वर्षींचा ईस्टर तिचा बेड्यांत गेला. मे महिन्यांत तिला यातनांचीं यंत्रें दाखविलीं. परंतु तीं वापरावीं असें म्हणणारे मोजके निघाले आणि तीं वापरलीं गेलीं नाहींत.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, आपलें प्रकरण पोपकडे न्यावें अशी मागणी तिनें केली. पोप फार दूर आहेत असें सांगून ती टाळण्यांत आली. इझांबार द ला पिएर या डॉमिनिकन धर्मगुरूनें पुढें साक्ष दिली कीं, बाझेल येथील धर्मपरिषदेकडे दाद माग असें त्यानें तिला सुचविलें असतां कोशोंनें त्याला दटावून गप्प बसविलें.

येथें जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नाटकाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यावरून ओटो प्रेमिंजर यानें १९५७ सालीं चित्रपट केला. शॉ यांनीं जोनला पहिल्या प्रोटेस्टंटांपैकीं एक ठरविलें, आणि कोशोंला प्रामाणिक न्यायाधीश करून टाकलें. खलपुरुष नको म्हणून असें केलें, असा शॉ यांचा पक्ष आहे. कलेच्या दृष्टीनें तो पक्ष समजण्यासारखा आहे, इतिहासाच्या दृष्टीनें नाहीं. जी मुलगी पोपकडे न्या म्हणते, मिस्सेसाठीं तळमळते, मरणाच्या दिवशीं ख्रिस्तप्रसाद मागून घेते, ती कोणत्या अर्थानें प्रोटेस्टंट? चित्रपटाची पटकथा कॅथॉलिक कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनीं लिहिली होती, तरी मूळ नाटकाचा हा कणा त्यांत राहिलाच. गंमत अशी कीं, ज्या चित्रपटांत धर्मगुरु राक्षसासारखे दिसतात त्यांविरुद्ध आपले लोक ओरडतात, आणि कोशों सज्जन दिसतो तेव्हां गप्प बसतात. आमच्या मतें दुसरें असत्य पहिल्याहून लहान नाहीं.

२४ मे रोजीं सेंत-उआं मठाच्या कबरस्थानांत, जाळण्याची धमकी पुढें ठेवून, तिच्याकडून माघारीच्या कागदावर खूण करून घेतली. ती घाबरली, एकोणीस वर्षांची पोर ती. चारच दिवसांत तिनें पुन्हां पुरुषी वेष घेतलेला आढळला. पहारेकऱ्यांपासून अब्रू राखण्यास तोच एक उपाय तिच्यापाशीं होता, असें साक्षींवरून दिसतें. आपल्या वाणींना आपण नाकारलें याचें दुःखही तिनें त्या वेळीं सांगितलें. न्यायाधीशांना हवें तें मिळालें. ३० मे १४३१ रोजीं सकाळीं तिची पापकबुली झाली, तिला ख्रिस्तप्रसाद देण्यांत आला, आणि रुआंच्या जुन्या बाजारांत तिला खांबास बांधलें. तिनें क्रूस मागितला. एका इंग्रज शिपायानें काठीच्या दोन तुकड्यांचा क्रूस करून दिला, तो तिनें छातीशीं धरला. जवळच्या देवळांतून आणलेला क्रूस इझांबारनें तिच्या डोळ्यांपुढें उंच धरला. येशूचें नांव घेत घेत तिनें प्राण सोडला. तिची राख सीन नदींत टाकली.

येथें बहुतेक चित्रपट संपतात. ख्रिस्तसभेचा इतिहास येथें संपत नाहीं. इंग्रजांच्या हातून रुआं गेल्यावर १४५० सालीं चौकशी सुरू झाली. १४५५ सालीं पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनीं पुनर्विचाराची आज्ञा दिली, आणि त्या वर्षीं ७ नोव्हेंबर रोजीं म्हातारी इझाबेल मुलांना घेऊन पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्यें पोपच्या प्रतिनिधींपुढें उभी राहिली. हातांत पोपचें पत्र. तोंडीं मुलीसाठीं न्यायाची याचना. ती इतकी रडली, आणि तिच्याबरोबर जमलेले लोक इतके कळवळले, कीं प्रतिनिधींना तिला आडबाजूच्या खोलींत घेऊन जावें लागलें. डोंरेमीचे शेतकरी, ऑर्लीन्सचे नागरिक, तिचे शिपाई, रुआंचे धर्मगुरु, अशा शंभरांहून अधिक लोकांच्या साक्षी झाल्या. ७ जुलै १४५६ रोजीं रुआं येथेंच पहिला निवाडा कपट आणि अन्याय यांनीं भरलेला म्हणून रद्द करण्यांत आला. कोशों १४४२ सालींच वारला होता. इझाबेल हा निवाडा ऐकून दोन वर्षांनीं ऑर्लीन्स येथें देवाघरीं गेली. आम्हांस विचाराल तर जोनच्या चरित्रांतील सर्वांत हृदयद्रावक दृश्य हें आहे. रोबेर ब्रेसों या फ्रेंच दिग्दर्शकानें १९६२ सालीं खटल्याच्या मूळ कागदांवरून जो साधा, तासाभराचा चित्रपट केला, त्याचा आरंभ या आईपासून होतो; म्हणून आम्हांस तो विशेष प्रिय आहे. तरुणांना तो कंटाळवाणा वाटतो, हें आम्ही पाहिलें आहे. तरी त्यांनीं तो पाहावा.

जोनला पोप पायस दहावे यांनीं १८ एप्रिल १९०९ रोजीं धन्य घोषित केलें, आणि पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनीं १६ मे १९२० रोजीं संतपद दिलें. तिचा सण ३० मे रोजीं असतो.

कार्ल ड्रेयर या डॅनिश दिग्दर्शकाच्या मूकपटाविषयीं लिहावयाचें राहिलें आहे. तिच्या संतपदानंतर आठ वर्षांनीं, १९२८ सालीं, तो निघाला. त्यांत महिनोन्महिने चाललेला खटला एका दिवसांत कोंबला आहे. राजाच्या नांवाचें खोटें पत्र दाखवून तिला फसविल्याचें दृश्य कल्पित आहे. प्वातिए नाहीं, पोपचा पुनर्विचार नाहीं. पडदाभर चेहरे आहेत: रंग न लावलेले, सुरकुतलेले, छद्मी हंसणारे धर्मगुरु, आणि त्यांच्या मध्यें फाल्कोनेती या नटीचें भिजलेलें मुख. पॅरिसच्या आर्चबिशपांना त्यांतील कांहीं भाग खटकला आणि तेथें प्रदर्शनापूर्वीं त्याची कापाकापी झाली. त्यांची भीति निराधार नव्हती. ज्यास पुढचा इतिहास ठाऊक नाहीं तो प्रेक्षक त्या चेहऱ्यांनाच ख्रिस्तसभा समजून घरीं जाणार. पण तोडगा कात्रीचा नव्हता. तो इतिहास सांगणें हें आमचें, धर्मगुरूंचें, काम होतें. आणि त्या चित्रपटांत जोन प्रार्थना करते ती खरी प्रार्थना वाटते, जें बेसोंच्या चित्रपटाविषयीं म्हणवत नाहीं. मूळ प्रत आगींत जळाली. न कापलेली एक प्रत ऑस्लोजवळील मनोरुग्णालयांत १९८१ सालीं सांपडली. चित्रपटकलेस शंभर वर्षें झालीं त्या वेळीं, १९९५ सालीं, व्हॅटिकननें पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या धर्मविषयक विभागांत ड्रेयरचा हा मूकपट आहे.